धुराची वाट मोकळी ठेवा: बंब, चूल, फायरप्लेस आणि किचन चिमणीची साफसफाई

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घराच्या परड्यात तांब्याचा बंब आहे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तो पेटवायला शिकले, पण आतून साफ करायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरून चिंच लावून घासायचा, लखलखीत ठेवायचा, एवढंच. तिसऱ्या हिवाळ्यात पाणी तापायला तास तास लागायला लागला. मी जळण वाढवलं, फुंकून फुंकून डोळे लाल झाले, परडंभर धूर. शेवटी नळ गळतोय म्हणून तांबटमामांना बोलावलं, तर त्यांनी नळाकडं बघायच्या आधी वरचं झाकण काढून मधल्या नळकांड्यात डोकावलं. "वहिनी, जाळ कमी न्हाई. धुराला वाट न्हाई," ते म्हणाले. जुन्या खराट्याची जुडी त्यांनी आत फिरवली आणि अर्धं घमेलं काजळी खाली आली. दुसऱ्या दिवशी त्याच बंबात निम्म्या जळणात पाणी कढलं.

हा लेख त्या वेळच्या माझ्यासारख्यांसाठी आहे. पेठेतलं जुनं घर घेऊन पहिल्यांदाच बंब पेटवणारे, गावाकडच्या घरात धुराड्याची चूल असलेले, पन्हाळ्याच्या बाजूला फार्महाऊस बांधून त्यात हौसेनं फायरप्लेस करून घेतलेले, आणि फ्लॅटमध्ये फक्त किचन चिमणी असलेले. साधनं वेगळी असली तरी सगळ्यांचं दुखणं एकच आहे, धुराच्या वाटेत साचणारा थर.

आधी काजळी ओळखा

काजळी म्हणजे जळायचं राहून गेलेलं जळण. लाकूड पुरतं जळत नाही तेव्हा त्यातला डांबरासारखा अंश धुराबरोबर वर जातो. वाटेत धुराड्याची भिंत थंड लागली की तो तिथं चिकटतो. धुराचं तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हे चिकटणं जोरात सुरू होतं. या थराला क्रिओसोट म्हणतात, आणि तो स्वतः पेट घेतो. म्हणजे न साफ केलेलं धुराडं हे आतून सरपण लावून ठेवलेलं धुराडं असतं.

हा थर तीन रूपांत दिसतो. पहिलं रूप म्हणजे भुसभुशीत काळी पूड, बोटानं पुसली तरी निघते. दुसरं म्हणजे कुरकुरीत, चकचकीत खपल्या, ज्या ब्रशनं घासल्यावर सुटतात. तिसरं सगळ्यात वाईट: काळ्या काचेसारखा, वितळून ओघळलेला आणि पुन्हा घट्ट झालेला थर. तो ब्रशनं निघत नाही आणि छिन्नीनं काढायला गेलं तर विटेचा अस्तर फुटतो. तिसरं रूप दिसलं तर जाळ बंद ठेवा आणि जाणकार माणूस बोलवा. थराची जाडी ३ मिलिमीटरपर्यंत आली, म्हणजे साधारण दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढी, की साफसफाईची वेळ झाली असं समजा.

जळण ओलं असेल तर बाकी सगळं व्यर्थ

गुऱ्हाळावर कधी उभे राहिला असाल तर तुम्ही हे पाहिलं असेल. उसाचा रस काढल्यावरचं ओलं चिपाड कुणी थेट चुलवाणात घालत नाही. ते आधी अंगणभर उन्हात पसरतात, वाळवतात, मगच जाळतात. काईल, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उकळायची तर जाळ पिवळाधमक आणि सणसणीत लागतो, ओल्या चिपाडाचा नुसता धूर होतो. ही शिस्त आपण घरच्या बंबाला आणि फायरप्लेसला लावत नाही.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. जाळायला घ्यायचं लाकूड २० टक्के ओलाव्याच्या आत हवं. ते पाणी उकळण्यात जाळाची ताकद जाते, धूर थंड होतो आणि सगळा धुराड्याला चिकटतो. त्यामुळं लाकूड फोडून किमान सहा महिने, जाड असेल तर वर्षभर वाळू द्या. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की त्या चार महिन्यांत काही वाळत नाही. म्हणून वखारीतून जळण आणायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत, फोडून, उन्हाळाभर उन्हात, आणि मृगाच्या आधी पत्र्याखाली. जमिनीवर थेट रचू नका, खाली दोन विटा आणि फळी द्या. कडेनं वारं खेळू द्या, ताडपत्री नुसती वरून हवी, चारी बाजूंनी गुंडाळलेली नको.

वाळलेलं लाकूड ओळखायला यंत्र लागत नाही. टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल सुटत असते, आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की ठणठणीत आवाज येतो. ओलं लाकूड आपटलं की भद्द वाजतं.

काय जाळायचं नाही तेही सांगते. प्लायवूड, रंगवलेल्या जुन्या चौकटी, वाळवीचं औषध मारलेली फळी, प्लॅस्टिक, दुधाच्या पिशव्या. यांचा धूर विषारी असतो. नारळाची करवंटी बंबात मी वापरते, तिचा जाळ चांगला लागतो, पण एका वेळी दोन-तीनच. फायरप्लेसमध्ये पाचट, चिपाड आणि रद्दीचे बोळे टाकू नका, ते पेटत पेटत वर उडतात आणि धुराड्यातली काजळी पेटवतात.

बंब: महिन्यातून एकदा, अर्ध्या तासाचं काम

बंबाची रचना बघा. मधोमध नळकांडं, त्यात जाळ, आणि भोवती पाणी. म्हणजे नळकांड्याची भिंत पाण्याला टेकलेली, ती शंभर अंशांच्या पुढं जातच नाही. धूर चिकटायला याहून सोयीची जागा दुसरी नाही. त्यामुळं बंब इतर कुठल्याही चुलीपेक्षा लवकर काजळतो, आणि काजळी उष्णता अडवते, म्हणून पाणी उशिरा तापतं. रोज वापर असेल तर महिन्यातून एकदा, फक्त हिवाळ्यात वापर असेल तर मोसमात तीनदा तरी साफ करा.

बंब आदल्या दिवशीपासून थंड हवा. आत पाणी भरलेलं राहू द्या, रिकामा बंब हलतो आणि कलंडतो. खाली राखेच्या जाळीशी जुनं घमेलं किंवा पत्र्याचा डबा सरकवा. तोंडाला मास्क, डोक्याला फडकं, जुनी साडी किंवा जुना शर्ट. वरचं झाकण काढून विजेरी आत मारा, थर किती आहे ते आधी बघा. मग काथ्याचा ब्रश किंवा खराट्याची घट्ट बांधलेली जुडी वरून खाली, फिरवत फिरवत न्या. तारेचा ब्रश तांब्यावर नको. तांबं मऊ असतं, ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी काजळी त्याच ओरखड्यांत घट्ट बसते. जिथं खपली सुटत नाही तिथं लाकडी पट्टीनं हलकं खरवडा. पाणी ओतून धुऊ नका, काजळी आणि पाणी मिळून जो काळा लगदा होतो तो वाळला की दगडासारखा बसतो. शेवटी खालची जाळी काढून तिची भोकं मोकळी करा. हवा तिथूनच वर जाते, आणि ही जाळी विसरणारेच जास्त.

एक गोष्ट मात्र जन्मभर लक्षात ठेवा: बंबात पाणी नसताना जाळ घालू नका. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, पण कथील २३२ अंशांनाच वितळतं. कोरड्या बंबाचा डाग, म्हणजे कथलानं जोडलेला सांधा, काही मिनिटांत सुटतो आणि मग तांबटाशिवाय इलाज उरत नाही. जाळ घालण्याआधी नळ सोडून पाणी येतंय का बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, मुलांनासुद्धा.

चुलीचं धुराडं

गावाकडच्या बऱ्याच घरांत १९८० च्या दशकानंतर निर्धूर चुली आल्या आणि त्यांच्याबरोबर छपराबाहेर जाणारा पाइप आला. चूल निर्धूर राहते ती पाइप मोकळा असेपर्यंतच. पाइप तुंबला की तीच चूल साध्या चुलीपेक्षा जास्त धूर घरात सोडते. मग बाया वैतागून पाइप बंद करून टाकतात, हे मी आजोळी पाहिलंय.

साफ करायची पद्धत सोपी आहे. एका लांब दोरीच्या मधोमध काथ्याचा घट्ट गोळा बांधायचा, पाइपात अडकत जाईल एवढ्या जाडीचा. दोरीच्या एका टोकाला छोटा दगड. एकानं वरून दगड सोडायचा, दुसऱ्यानं खाली चुलीशी दोरी धरायची, आणि गोळा वर-खाली ओढायचा. दर महिन्याला दहा मिनिटं पुरतात. फक्त पाइप कशाचा आहे ते आधी बघा. जुना करडा सिमेंटचा पाइप असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते. तो तारेनं खरवडू नका, कापू नका, भोक पाडू नका. त्याची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. तुकडे पडत असतील तर बदलून पत्र्याचा पाइप बसवा.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांना हे माहीत आहे, पण नव्यांसाठी सांगते. पूर ओसरल्यावर धुराड्याच्या बुडात गाळ बसलेला असतो आणि विटा आतून भिजलेल्या असतात. गाळ काढा, आठवडाभर वाऱ्यावर वाळू द्या, मग तीन-चार दिवस रोज अगदी लहान जाळ करा. पहिल्याच दिवशी मोठा जाळ घातला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन विटा तडकतात.

फायरप्लेस

आपल्याकडं फायरप्लेस बांधणारा गवंडी बहुधा आयुष्यातली पहिलीच फायरप्लेस बांधत असतो. म्हणून साफसफाईच्या आधी मोजमाप तपासा, कारण चुकीचं धुराडं कितीही घासलं तरी धूर खोलीत येणारच.

पहिलं माप आतल्या पोकळीचं. जाळाच्या तोंडाच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश एवढी धुराड्याची पोकळी हवी. समजा तोंड ९० सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच आहे. क्षेत्रफळ झालं ६७५० चौरस सेंटिमीटर. मग पोकळी ६७५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे २६ बाय २६ सेंटिमीटरची तरी हवी. दुसरं माप उंचीचं. छपरातून बाहेर पडते तिथून चिमणी किमान ३ फूट वर हवी, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल, कौलाचा कणा, टाकी, शेजारची भिंत, त्याच्यापेक्षा २ फूट उंच हवी. गरम हवा हलकी असते, ती वर चढते आणि मागून ताजी हवा ओढून घेते. गरम हवेचा खांब जितका उंच तितकी ओढ जास्त. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली जिची मुहूर्तमेढ रोवली त्या शाहू मिलची चिमणी इतकी उंच का, याचं उत्तर यातच आहे. बुटकी चिमणी ओढतच नाही, आणि डोंगरावरचा वारा तर धूर परत खाली ढकलतो.

आता साफसफाई. वर्षातून एकदा आतून तपासणी आणि गरज असेल तर सफाई, हा नियम अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या २११ क्रमांकाच्या मानकातही आहे आणि आपल्याकडं तो आणखी गरजेचा आहे, कारण चार महिने पावसात चिमणी बंद पडून असते. आमच्या नात्यातल्या एका घरी दिवाळीत पाहुणे जमले म्हणून फायरप्लेस पेटवली आणि पाच मिनिटांत सगळे खोकत अंगणात. मी वाकून विजेरी मारली तर वरून गवताची काडी लोंबत होती. काठीनं ओढली तशी अख्खी टोपलीभर काटक्या, सुतळी, कापूस, चमकीच्या कागदाचे तुकडे खाली आले. साळुंकीनं पावसाळ्यात संसार थाटला होता. पिल्लं केव्हाच उडून गेली होती, नशीब. त्या दिवशी ते घरटं पेटलं असतं तर छपराखालच्या लाकडी वाशांपर्यंत जाळ जायला वेळ लागला नसता.

काम पावसाळा संपल्यावर, कोरड्या दिवशी काढा. ओल्या कौलावर कुणीही चढू नये. मंगलोरी कौलं निसरडी होतात आणि जुनी असतील तर पायाखाली फुटतात. शिडी बांधायला आणि खाली धरायला एक माणूस हवाच. छपरावर चढायचा आत्मविश्वास नसेल तर लांब जोडाच्या दांड्यांचा ब्रश घेऊन खालून वर साफ करा. थोडी घाण जास्त होते, पण हातपाय शाबूत राहतात. आणि चिमणीच्या तोंडाशी आग्या मोहोळ असेल तर काही करायच्या आधी मध काढणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवा.

शेवटचा जाळ विझून पूर्ण एक दिवस गेलेला असू द्या. खोलीतलं सामान हलवा, फायरप्लेसच्या तोंडावर ओली चादर चिकटपट्टीनं चहूबाजूंनी लावा, नाहीतर काजळी गादीपर्यंत जाते. एन ९५ मास्क, चष्मा, हातमोजे. आत धुराची वाट उघडायची-बंद करायची झडप असेल तर उघडा. ब्रश पोकळीच्या मापाचाच हवा. विटेच्या किंवा मातीच्या अस्तराला तारेचा चालतो, स्टीलचा पाइप बसवलेला असेल तर प्लॅस्टिकच्या राठ तंतूंचा. वरून सुरुवात करून हातभर अंतराचे छोटे छोटे वर-खाली घासे मारत खाली या, दांड्या जोडत जा. खाली पडणाऱ्या काजळीचा आवाज ऐका. सुरुवातीला सरसर पडते, मग तुरळक, मग बंद. बंद झाली की पुढचा टप्पा. तळाशी पोचल्यावर झडपेच्या मागं जो सपाट कट्टा असतो तिथं सगळ्यात जास्त घाण साचते. तिथं हात घालून भरून काढा.

मग तासभर थांबा, धूळ बसू द्या. चादर काढून विजेरी आणि हातातला आरसा घेऊन वर बघा. तडे, निघालेला गिलावा, ओल आलेले डाग दिसतात का. विटांमधून प्रकाश दिसला तर तिथून जाळही बाहेर जाणार, ते बुजवल्याशिवाय पेटवू नका. शेवटी चिमणीच्या तोंडावर पावसासाठी टोपी आणि पाखरांसाठी जाळी बसवून घ्या. जाळीची भोकं फार बारीक नकोत, ती काजळीनंच भरतात.

पहिला जाळ लहान ठेवा. कागदाची सुरळी पेटवून झडपेजवळ धरा. धूर सरळ वर गेला तर वाट मोकळी, खोलीत वळला तर थांबा आणि कुठं अडलंय बघा. जाळ लावल्यावर तो पेटता राहू द्या, हवा कोंडून रात्रभर धुमसत ठेवू नका. धुमसणाऱ्या एका रात्रीत जेवढी काजळी धरते तेवढी आठवडाभराच्या खणखणीत जाळात धरत नाही. समोर लोखंडी जाळीचा पडदा असावा आणि ३ फुटांच्या आत सतरंजी, सोफा, पडदा, सरपणाचा ढीग काही नसावं.

राख

राख थंड वाटते आणि आत निखारा जिवंत असतो, तीन-चार दिवससुद्धा. प्लॅस्टिकच्या बादलीत, कोंडाळ्यात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ती कधीच टाकू नका. झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा, घरापासून दहा पावलं लांब, शेणींच्या ढिगापासून तर आणखी लांब. पूर्ण विझल्यावर ती भांडी घासायला किंवा परसबागेत चालते.

किचन चिमणी

इथं साचतं ते तेल. आणि कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात ते जरा जास्तच साचतं. तांबड्या रश्श्याचा कट, सुक्या मटणाचं परतणं, कांदा-खोबरं भाजणं. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची म्हणून मसाले भाजले की त्या दोन दिवसांत फिल्टर महिन्याएवढा माखतो. कंपनीच्या पुस्तिकेत काहीही लिहिलेलं असो, मी पंधरा दिवसांनी फिल्टर काढते. आठवड्यातून एकदाच मटण-मासे असतील तर महिन्यानं चालेल, त्याहून उशीर नको.

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. फिल्टर उतरवून स्टीलचा असेल तर कढत पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्याचं लिक्विड टाकून अर्धा तास बुडवून ठेवा, मग ब्रशनं घासा. अ‍ॅल्युमिनियमची जाळी असेल तर सोडा टाकू नका, ती काळी पडते आणि खरवडली जाते. तिला लिक्विड आणि गरम पाणीच. बाहेर पाइप नसलेल्या चिमणीत कोळशाचा फिल्टर असतो, तो धुवायचा नसतो, साधारण तीन ते सहा महिन्यांनी बदलायचा असतो. फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. खालची तेलाची वाटी दर आठवड्याला रिकामी करा.

'ऑटो क्लीन' लिहिलेली चिमणी घेतली म्हणून निश्चिंत होणारे बरेच भेटतात. ती आतल्या पंख्यावरचं तेल तापवून वाटीत उतरवते, बस. भिंतीतून बाहेर जाणारा पाइप ती साफ करत नाही, आणि आग लागली तर ती तिथंच पळते. वर्षातून एकदा पाइप सोडवून आत बघा. पाइप कमीत कमी वळणांचा, ताणून बसवलेला असावा. ढिल्या पाइपाच्या पोटात तेल साठतं. बाहेरच्या टोकाला झडपेची जाळी हवी, नाहीतर तिथंही पाखरं घरटं करतात. आपल्याकडं पावसाचा मारा पश्चिमेकडून असतो, त्या बाजूला तोंड काढणं टाळता आलं तर टाळा.

शेगडीपासून चिमणी साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर उंच असावी. वांगं, कणीस, पापड थेट जाळावर भाजताना ठिणग्या वर उडतात आणि फिल्टर तेलकट असेल तर तो पेटतो. वांगं भाजायचंच असेल तर आधी फिल्टर स्वच्छ आहे का बघा. आणि गॅसचा वास आला तर चिमणी लावून वास घालवायला जाऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो. चिमणी तो ओढत नाही, मात्र तिच्या बटणाची ठिणगी पुरते. कुठलंही बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ या क्रमांकावर फोन करा.

ज्याला वास नाही तो धूर

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जळण अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं घट्ट धरतो. निखारे लालबुंद झाले, धूर थांबला, आता शेगडी खोलीत घ्यायला हरकत नाही, असं आपल्याकडं समजतात. नेमका तेव्हाच धोका असतो.

बाळंतिणीची खोली आठवा. खिडकी बंद, दार ओढलेलं, बाजेखाली शेगडी, त्यावर ओवा-शेपा आणि वावडिंगाची धुरी. शेक देण्यामागं माया असते, आणि घरातल्या मोठ्या बायकांना 'हे बंद करा' म्हणणं सुनेला जमत नाही. मग एवढं तरी ठरवून घ्या: शेक देताना खिडकी उघडी, शेगडी पेटवायची अंगणात, आणि शेक झाला की निखारे लगेच बाहेर. शेगडी खोलीत ठेवून कुणीही झोपायचं नाही, बाळ तर नाहीच. हाच नियम बंद मोरीतल्या बंबाला आणि बाथरूममधल्या गॅस गिझरला. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा, नळीनं पाणी आत घ्या.

घरात दोघा-तिघांना एकदम डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, झोप येणं सुरू झालं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर हाच संशय धरा. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर त्या वेळी फसवतो. त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेल्या रक्तातला फरक कळत नाही, आकडा चांगला दाखवतो आणि माणूस मात्र गुदमरत असतो. हा वायू ओळखणारा बॅटरीवरचा अलार्म ऑनलाइन मिळतो. फायरप्लेस असलेल्या घरात तो झोपायच्या खोलीजवळ लावाच.

पेट घेतलाच तर

धुराडं आतून पेटलं की घोंगावल्यासारखा मोठा आवाज येतो, वरून ठिणग्या आणि दाट धूर निघतो. आत हजार अंशांच्या पुढं तापमान जाऊ शकतं. सगळ्यांना आधी घराबाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. जाता जाता जमलं तर झडप किंवा हवेची वाट बंद करा, जाळावर कोरडी वाळू टाका. तापलेल्या धुराड्यात पाणी ओतू नका. विटा फुटतात आणि वाफेनं माणूस भाजतो. विझल्यावर तपासून घेतल्याशिवाय पुन्हा पेटवू नका, एकदा पेटलेल्या धुराड्याला आत तडे गेलेले असतात.

कढई पेटली तर गॅस बंद, चिमणी बंद, आणि कढईवर मोठं झाकण किंवा परात. पाणी नाही. तेलात पडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती सतराशे पटीनं फुगते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवते. कढई उचलून मोरीकडं पळू नका. झाकण तासभर तसंच राहू द्या.

पेठेत राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. आपले बोळ अरुंद आहेत आणि रात्री त्यात दुचाक्या उभ्या असतात. अग्निशमनची गाडी कुठपर्यंत येते, तिथून घरापर्यंत पाइप कसा येईल, हे शेजाऱ्यांबरोबर एकदा चालून बघा.

आमच्या घरी तारखा सणांना बांधलेल्या आहेत, त्यामुळं विसरत नाहीत. घटस्थापनेच्या आधी सगळं घर धुऊन निघतं तेव्हा बंब, चुलीचा पाइप आणि चिमणीचा पाइप, तिन्ही उघडायचे. दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंगस्नान त्याच बंबावर असतं. संक्रांतीला पुन्हा एकदा बंब, आणि होळीनंतर वर्षाचा शेवटचा हात. बंबाच्या मागच्या भिंतीवर खडूनं तारीख लिहून ठेवते. मागची तारीख पुसत नाही, तिच्याखाली नवी लिहिते.